उलटी धरलेली बाटली

माझ्या हातून पहिलं जेल झालं तेव्हा मला ते कळलंच नाही. मला हवे होते स्फटिक. नव्याने तयार केलेला पदार्थ गरम द्रावकात विरघळवायचा, सावकाश थंड होऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तळाशी चमकणाऱ्या सुया शोधायच्या, एवढंच काम होतं. सकाळी पाहिलं तर सुया नव्हत्या, गाळही नव्हता. द्रावण किंचित धुरकट झालं होतं, इतकंच. वैतागून मी बेसिनपाशी गेले, ओतून टाकायला बाटली तिरकी केली, आणि काही पडेचना.

शेजारच्या टेबलावर काम करणारी ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी पुढे होती. ती हातमोजे न काढताच धावत आली. "अगं, फेकू नकोस! पूर्ण उलटी कर."

मी उलटी केली. आतला सगळा द्रव वर, बाटलीच्या बुडाशी, छताला चिकटल्यासारखा राहिला. खाली नुसती हवा. ताईने झाकणावर बोटाने हलकी टिचकी मारली. द्रवाचा कडा थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला. "जेल आहे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला तेव्हा न समजलेला थोडा हेवा होता.

या क्षेत्रातल्या पुष्कळ पदार्थांचा शोध असाच लागला आहे. स्फटिक करायला गेले, झालं भलतंच. म्हणून ही जेलं म्हणजे फसलेलं स्फटिकीकरण, असं कुणी कुणी चेष्टेने म्हणतात. मला ती चेष्टा वाटत नाही. व्याख्येच्या बरीच जवळ जाणारी गोष्ट आहे ती.

बाटली उलटी करणं ही या विषयातली सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी चाचणी. द्रव खाली आला तर द्रावण, नाही आला तर जेल. पण कशाच्या जोरावर तो थांबतो? गोळ्याचं वजन त्याला खाली ओढतं, भिंतीला चिकटलेला त्याचा पृष्ठभाग त्याला धरून ठेवतो. वजनाला भिंतीच्या क्षेत्रफळाने भागलं की उंची दोन्हीकडून कटते आणि उरते फक्त त्रिज्या. १ सेंटिमीटर रुंदीच्या बाटलीत पाण्याइतक्या घनतेच्या जेलला जेमतेम २५ पास्कल ताण सोसावा लागतो. बाटली ३ सेंटिमीटर रुंद असेल तर सुमारे ७५. म्हणजे तोच पदार्थ अरुंद बाटलीत जेल ठरतो आणि रुंद बाटलीत फतकल मारून खाली येतो. हे गणित मी फार उशिरा केलं. केलं त्या दिवशी माझ्या वहीतली निम्मी 'होय' आणि 'नाही' संशयित झाली.

मराठीत या पदार्थाला आपण सरळ 'जेल' म्हणतो. तुरुंगालाही जेलच म्हणतो. पाठ्यपुस्तकातल्या वर्णनाला हा योगायोग छान जुळतो: तंतूंचं जाळं, त्यात कोंडलेला द्रव. पण प्रत्यक्षात हा तुरुंग फारच ढिला आहे. जाळ्याची छिद्रं पाण्याच्या रेणूच्या मानाने इतकी प्रचंड असतात, की त्यातला रेणू बाहेरच्या पाण्यातल्या रेणूइतकाच मोकळा हिंडतो. जेलवर रंगाचा थेंब ठेवला तर तो आत पसरत जातो, जवळजवळ साध्या पाण्यात पसरावा तसा. एकेकट्या रेणूला कुणी अडवत नाही, पण सगळ्यांना मिळून वाहता येत नाही. छिद्रांच्या भिंतींशी असलेलं नातं आणि पृष्ठताण तेवढी जमावबंदी करतात. जेलऐवजी 'संचारबंदी नसलेली जमावबंदी' म्हणायला हवं, पण ते कोण म्हणणार.

मराठीत गोठणं आहे, थिजणं आहे, साकळणं आहे. पाणी गोठतं, रक्त साकळतं, भीतीने माणूस थिजतो. तिन्हीत हालचाल थांबल्याची भावना आहे. जेलला यातला एकही शब्द नीट बसत नाही, कारण आत काहीच थांबलेलं नसतं.

थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये पदार्थांची विभागणी केली: पडद्यातून सहज झिरपणारे एकीकडे, न झिरपणारे चिकट दुसरीकडे. दुसऱ्यांना त्याने 'कोलॉइड' म्हटलं. डायलिसिस हा शब्दही त्याचाच. गंमत म्हणजे हे सगळं करताना तो इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख होता. पुढे १९२६ मध्ये डोरोथी जॉर्डन लॉइड यांनी लिहून ठेवलं, की जेल ही अवस्था ओळखायला सोपी आणि व्याख्येत बसवायला अवघड. तेव्हापासून आजवर जेलवरचे बहुतेक परीक्षणलेख हेच वाक्य उद्धृत करून सुरू होतात. मी माझ्या प्रबंधात ते टाळायचं ठरवलं होतं. तिसऱ्या पानावर आलंच.

आता ही जाळी विणतं कोण, ते सांगायला हवं. नेहमीच्या ओळखीच्या जेलांत लांबच लांब साखळीचे रेणू असतात, म्हणजे पॉलिमर. साखळ्या एकमेकींत अडकल्या किंवा रासायनिक बंधांनी जोडल्या गेल्या की जाळं तयार. मी ज्यांच्यात अडकले त्या रेणूंना साखळी वगैरे काही नसते. रेणूभार पाचशेच्या आसपास, चारचौघांसारखा लहानसा रेणू. फक्त त्याच्या अंगावर एक-दोन जागा अशा असतात, की दुसरा तसाच रेणू समोर आला तर हात पुढे करावा. हायड्रोजन बंध असेल, सपाट कड्यांचं एकावर एक बसणं असेल, पाण्यापासून तोंड लपवणाऱ्या शेपट्या असतील. हे बंध तकलादू असतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, एका हायड्रोजन बंधाला साधारण १० ते ४०. आणि खोलीच्या तापमानाला नुसती उष्णताच २.५ किलोज्यूलच्या धक्क्यांनी सतत ढोसत असते. एकट्या बंधाच्या भरवशावर काही उभं राहत नाही. हजारो मिळून राहतात.

खरी खुबी दिशेत आहे. रेणू सगळ्या बाजूंनी सारखाच उत्सुक असता तर स्फटिक झाला असता. कुठल्याच बाजूने नसता तर विरघळून गेला असता. जेल करणारा रेणू एका दिशेने फार उत्सुक आणि बाकी दिशांनी नाखूष असतो. म्हणून तो रांग लावतो. रांगेची दोरी होते, दोऱ्या एकमेकींना पीळ घालतात आणि काही दशक नॅनोमीटर जाडीचे, अनेक मायक्रॉन लांबीचे तंतू तयार होतात. हे तंतू एकमेकांत शिरतात, फाटे फोडतात, गाठी मारतात. ना धड विरघळायचं, ना धड तळाशी बसायचं, असा हा स्वभाव. असल्या स्वभावाच्या माणसांचं काही होत नाही असं म्हणतात, रेणूंचं मात्र होतं.

प्रमाण बघा. अशी काही जेलं वजनाच्या ०.१ टक्के पदार्थावरही उभी राहतात, म्हणजे लिटरभर पाण्यात १ ग्रॅम. रेणूभार ५०० धरला तर जाळ्यातल्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे २८ हजार रेणू येतात. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर तीनदा केला, कारण पहिल्या दोन वेळा शून्य चुकलंय असंच वाटलं.

रेणूचा उजवा-डावेपणाही यात नाक खुपसतो. एरंडेलापासून मिळणारं १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड हे याचं जुनं उदाहरण. निसर्गातून आलेलं आम्ल एकाच हाताचं असतं आणि त्याचे लांब, पिळदार तंतू तेलाला छान बांधतात. त्याच्यात आरशातलं जुळं भावंड निम्मंनिम्म मिसळलं की तंतूंऐवजी चपटे पत्रे तयार होतात आणि जेल ढेपाळतं. रासायनिक सूत्र तेच, वितळबिंदूत थोडाफार फरक. पण पीळ गेला की बळ गेलं. मराठीत माणसाबद्दलही आपण हेच दोन शब्द एका दमात म्हणतो.

याच आम्लाचा लिथियम क्षार म्हणजे गाड्यांच्या बेअरिंगमधलं ग्रीस. १९४२ साली क्लॅरन्स अर्ल यांनी लिथियम ग्रीसचं पेटंट घेतलं, आणि आज जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी ग्रीसं याच जातीची आहेत. त्यात बहुतांश तेलच असतं, साबणाचे तंतू थोडेसे. चाक थांबलेलं असताना ग्रीस जागच्या जागी राहतं, फिरायला लागलं की घासणीच्या जागी नरम होऊन वाहतं. हात काळे करणाऱ्या या पदार्थाला जेलवरच्या चकचकीत व्याख्यानांत क्वचितच जागा मिळते. मला वाटतं, यशस्वी झालेल्या गोष्टींना संशोधनात मान कमीच.

माझं स्वतःचं जेल यशस्वी वगैरे नव्हतं. ते लहरी होतं. कृती एकच, वजन तेच, द्रावक तोच, आणि एका दिवशी त्याची ताठरता २,००० पास्कल तर दुसऱ्या दिवशी २०,०००. सरांनी पहिल्यांदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा माझ्या वजनकाट्याबद्दल विचारलं आणि तिसऱ्यांदा फक्त माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं अजून आठवतं. मी पदार्थ पुन्हा शुद्ध केला, द्रावक नव्याने ऊर्ध्वपातित केला, बाटल्या बदलल्या. चार महिने गेले.

कारण सापडलं ते टेबलाला टेकून उभी असताना. टेबल गुणगुणत होतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला एक निर्वात पंप होता आणि तो कुणाला लागेल तेव्हा चालू व्हायचा. माझ्या बाटल्या थंड होत असताना पंप बंद असेल तर एक जेल, चालू असेल तर दुसरं. त्यात भर माझ्या सवयीची. घाई असली की मी गरम बाटल्या उचलून खिडकीच्या थंड कट्ट्यावर नेऊन ठेवायचे. वहीत मी लिहिलेलं असायचं: 'थंड होऊ दिलं.' कसं, किती वेळात, कुठे, हलवून की न हलवता, यातलं एक अक्षर नाही. चूक पंपाची नव्हती.

थंड होताना नेमकं काय होतं ते तेव्हा वाचलं, खरं तर आधी वाचायला हवं होतं. द्रावण थंड झालं की रेणू गरजेपेक्षा जास्त होतात आणि इथेतिथे त्यांचे बारीक पुंजके धरतात. पुंजका पुरेसा मोठा झाला की त्याला टोक फुटतं आणि तंतू वाढू लागतो. झटकन थंड केलं तर सर्वसाधारणपणे पुष्कळ पुंजके एकदम धरतात, तंतू आखूड राहतात, फाटे जास्त फुटतात. सावकाश केलं तर मोजके पुंजके, लांब तंतू. काही रेणू तर तापमानानुसार एकदा तंतूंचं जाळं करतात आणि एकदा फुलासारखे गोल गुच्छ. वाढत्या टोकाला धक्का लागला तर तिथे फाटा फुटतो, किंवा तुटलेला तुकडाच नवं बीज होतो. म्हणजे बाटलीत शेवटी जे उभं राहतं ते त्या पदार्थाचं रूप नसून त्या दुपारचं रूप असतं. पॉलिमरच्या जेलालाही स्मृती असते, पण यांच्याइतकी खुनशी नाही.

ही अडचण टाळण्याची एक सुंदर युक्ती आम्लाने जमणाऱ्या जेलांसाठी सापडली आहे. पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लं जोडून झालेल्या, काही छोट्या रेणूंना अल्कलीत विरघळवून मग आम्ल घातलं की ते जमतात. पण आम्ल थेंबाने घातलं तर थेंब पडला तिथे आधी गुठळी, बाकीचं मागाहून. म्हणून आम्लाऐवजी ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घालतात. ते आधी शांतपणे विरघळतं आणि मग तासन् तास पाण्याशी विक्रिया करत आपणहून ग्लुकॉनिक आम्ल होत राहतं. सगळीकडे एकाच वेळी, एकाच गतीने. ढवळणाऱ्या हाताला काही कामच उरत नाही. माझ्या रेणूला आम्लाचं काही देणंघेणं नव्हतं, नाहीतर मी चार महिने वाचवले असते.

मग पंपापासून दूर, दगडी कट्ट्यावर, तापमान दर मिनिटाला ठरावीक अंशाने उतरवत मी नव्याने सुरुवात केली आणि आकडे एकमेकांना ओळखू लागले. तेव्हा कुठे खऱ्या प्रश्नाकडे जाता आलं: याला ताण दिला तर काय होतं?

त्यासाठी रिओमीटर. दोन चकत्या, मध्ये जेल, वरची चकती अगदी थोडी पुढेमागे झुलते आणि जेल किती विरोध करतं ते यंत्र मोजतं. विरोधाचे दोन भाग पडतात. दिलेली ऊर्जा साठवून परत देणारा एक, स्प्रिंगसारखा; त्याला जी प्राइम म्हणतात. ऊर्जा गिळून टाकणारा दुसरा, द्रवासारखा. तो जी डबल प्राइम. जेलमध्ये पहिला दुसऱ्याच्या साधारण दसपट असावा अशी अपेक्षा असते. इथेही एक ग्यानबाची मेख आहे. बाटलीत जमलेलं जेल चमच्याने काढून चकतीवर ठेवलं, की मोजण्याआधीच ते मोडलेलं असतं. आपण मोजतो तो ढिगारा. म्हणून एक तर गरम द्रावण चकत्यांमध्येच ओतून तिथेच जमू द्यायचं, नाहीतर चार पात्यांचं भिंगरीसारखं टोक थेट बाटलीतल्या जेलमध्ये उतरवायचं. कुणाचा शोधनिबंध वाचताना मी अजून सगळ्यात आधी हेच बघते, की जेल ठेवलं कसं. लिहिलेलं नसेल तर पुढचे आलेख मी पटापट उलटते.

झुलण्याची व्याप्ती वाढवत नेली की काही काळ जेल तक्रार करत नाही. माझं जेल अर्ध्या टक्क्यापर्यंत ठीक होतं. चकत्यांमध्ये १ मिलिमीटर अंतर असेल तर अर्धा टक्का म्हणजे ५ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा किंवा जरा कमीच. त्यापुढे जी प्राइमची रेघ आधी किंचित वाकते, मग कड्यावरून कोसळते. पॉलिमरची पुष्कळ जेलं याच्या शेकडो पट ताणून घेतात. रक्ताच्या गुठळीतलं फायब्रिन तर आणखी वेगळं: ताणलं की ते आधी कडक होत जातं, आणि त्याचा एकेक तंतू मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक ताणला तरी तुटत नाही. गुठळीचं कामच तसं आहे, रक्त मागून ढकलत असताना तिला टिकायचं असतं.

माझ्या जेलसमोर यातलं काहीच नव्हतं. 'मोडेन पण वाकणार नाही' हे आपल्याकडे बाण्याचं वाक्य आहे, भिंतीवर टांगायचं. रिओमीटरपुढे बसून वर्षभर तेच पाहिल्यावर त्याचा रुबाब माझ्या लेखी बराच उतरला. तंतू ताठ असतात, गाठी ठिसूळ असतात, मध्ये सैलावा ठेवायला साखळी नसते. न वाकणं हा तिथे बाणा नसतो, वाकायला काही नसतं.

पण मोडल्यावर जे होतं ते मात्र मी विसरू शकत नाही. जोरात ढवळून पाण्यासारखं केलेलं जेल ठेवून द्यायचं आणि रेघेकडे बघत बसायचं. काही जेलांत ती सेकंदांत वर येते, काहींत तासांत, काहींत कधीच नाही. या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात, ग्रीकमधल्या 'स्पर्श' आणि 'पालटणे' या शब्दांवरून. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये हर्बर्ट फ्रॉइंडलिख यांच्या वर्तुळात तो रुळला. स्पर्शाने पालटणारं. तांत्रिक शब्दांत इतका हळुवार शब्द माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

माझं जेल रात्रभरात पहिल्या ताठरतेच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत आलं. मी आनंदाने सरांना म्हटलं, "सर, ते स्वतःहून बरं होतंय."

सरांनी आलेख बघितला. "आकडा बरा झालाय. जेलचं काय झालंय ते तुला माहीत आहे का?"

नव्हतं. पुढचं वर्ष त्यातच गेलं. मोडण्याआधीचं आणि नंतरचं जेल झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. वाळवून पाहणं सोपं असतं, पण वाळताना तंतू एकमेकांना चिकटून नसलेली जाडी कमावतात आणि छायाचित्र खोटं बोलतं. नीट गोठवलेल्या चित्रांत फरक उघड होता. आधी लांब, एकमेकांत शिरलेले तंतू. नंतर आखूड तुकडे, शेजारी शेजारी टेकलेले, जमेल तिथे जमेल तसे धरलेले. तुटलेलं कुणी सांधलं नव्हतं. तुकड्यांनी नवी सोय लावून घेतली होती आणि यंत्राला ती जुन्यासारखीच वाटत होती. पुन्हा मोडलं की तुकडे आणखी आखूड, आकडा थोडा आणखी खाली. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर तो एका जागी टिकला. आता तोडायला लांब असं काही राहिलं नव्हतं.

सगळीच जेलं अशी नसतात. काहींत तुकड्यांची टोकं खरोखर पुन्हा वाढतात, कारण द्रवात शिल्लक असलेले सुटे रेणू सतत ये-जा करत असतात. जिथे गाठी नुसत्या टेकण्याच्या असतात ती जेलं लवकर सावरतात. जिथे तंतूला फाटा फुटूनच गाठ झालेली असते तिथे फाटा मोडला की मोडला. म्हणून 'सेल्फ-हीलिंग' हा शब्द सरसकट दिसला की माझ्या कपाळावर आठी येते. कोण कशाने बरं झालं ते आधी सांगा.

आणि मोडतोड नेहमी मोडण्याकडेच नेते असंही नाही. २००५ मध्ये जपानमध्ये नाओता आणि कोओरी यांनी पॅलेडियमचा एक संयुग-रेणू दाखवला. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा तो दुमडलेला असतो. त्याचं द्रावण शांत ठेवलं तर द्रावणच राहतं. काही सेकंद श्राव्यातीत ध्वनी दिला की सगळं जमून जेल. गरम केलं की परत द्रव. आतल्या आत हात बांधून बसलेले रेणू ध्वनीच्या धक्क्याने उघडतात आणि शेजाऱ्याचा हात धरतात. मी हा निबंध वाचला तेव्हा पंपाचा शोध नुकताच लागला होता. माझ्या दृष्टीने कंपन म्हणजे शत्रू. इथे कंपन हाच गवंडी होता.

त्याहून अचाट प्रयोग २०१० मधला, साइब्रेन ओटो यांच्या गटाचा. पेप्टाइड जोडलेले काही घटक पाण्यात एकमेकांशी बंध करून वेगवेगळ्या आकाराची कडी तयार करतात. त्यातल्या दोन कड्यांना, सहा घटकांच्या आणि सात घटकांच्या, एकावर एक रचून तंतू करता येतात. तंतू तुटला की दोन टोकं मिळतात, दोन्ही टोकं वाढतात, म्हणजे तुटणं हेच पुनरुत्पादन. बाटली गदागदा हलवली तर सहाची कडी बाजी मारते, चुंबकाने ढवळली तर सातची. पदार्थ तेच, प्रमाण तेच. रासायनिक निकाल ठरला तो हलवण्याच्या पद्धतीवर. हे वाचून मी वहीत नवीन रकाना आखला: 'बाटली कशी हलवली.'

ताण देऊन वाहतं करायचं आणि पोचल्यावर थांबवायचं, या गुणाचे उपयोग उघडच आहेत. लॅनरिओटाइड हे आठ अमिनो आम्लांचं औषध वाढीचं संप्रेरक अति झाल्याच्या विकारात देतात. पाण्यात ते आपणहून सुमारे २४ नॅनोमीटर व्यासाच्या एकसारख्या नळ्या रचतं आणि त्या नळ्यांचंच जेल होतं. म्हणजे औषधच औषधाचं भांडं. ते सुईतून त्वचेखाली खोल टोचलं की तिथे साठा होऊन बसतं आणि सावकाश झिरपतं. बहुतेकांना चार आठवड्यांतून एक टोचणी पुरते.

याच गुणाचा दुसरा उपयोग १९४२ साली हार्वर्डमध्ये लुई फीझर यांनी करून दाखवला. ॲल्युमिनियमचे साबण पेट्रोलमध्ये मिसळले की पेट्रोलचं जेल होतं. नळीतून जोराने सोडलं की वाहतं, पडेल तिथे चिकटतं आणि जळत राहतं. नॅफ्थेनेट आणि पामिटेट यांची पहिली अक्षरं जोडून त्याला नाव दिलं नेपाम. माझ्या विषयावर बोलताना हे उदाहरण गाळणं सोपं आहे. मी काही वर्षं गाळलंही.

रिओमीटरवरचा माझा शेवटचा प्रयोग सगळ्यात कंटाळवाणा होता. मोडेल इतका ताण द्यायचा नाही. त्याच्या निम्मा द्यायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. संध्याकाळी सुरू केलं. पहिला तासभर जेल थोडं थोडं सरकलं, मग सरकणं मंदावत जवळजवळ थांबलं. रेघ आडवी. मी घरी गेले. सकाळी आलेख पाहिला तर पहाटे चारपर्यंत रेघ आडवीच होती, आणि त्यानंतर काही मिनिटांत ती सरळ वर गेली होती. जेल सुटलं होतं. चारच्या आधी इशारा म्हणावा असं त्या रेघेत मला काही सापडलं नाही, आणि मी भिंग घेऊन शोधलं. आत मात्र रात्रभर एकेक बंध सुटत असणार, सुटलेल्याचा भार शेजाऱ्यावर जात असणार, आणि मग शेजारी. सरांनी त्या आलेखाची प्रत स्वतःच्या दारावर चिकटवली. काही बोलले नाहीत.

मी ती प्रयोगशाळा सोडली तेव्हा ताईने मला बेसिनपाशी न ओतलेली ती पहिली बाटली आठवणीने बांधून दिली. ती आम्ही उलटीच ठेवली होती, वर तारीख लिहून. मीही ती तशीच पुस्तकांच्या कपाटात उलटी उभी केली. अशी जेलं मुळात अर्धवट समाधानी असतात. तंतूपेक्षा स्फटिक जास्त निवांत, पण तिथवर पोचायची वाट चढणीची. पहिली सहा-सात वर्षं बाटलीत काही बदल दिसला नाही. नंतर मी बघायचं सोडलं.

गेल्या पावसाळ्यात पुस्तकं काढताना ती हाताला लागली. आतलं धुरकटपण गेलं होतं. द्रव नितळ होता आणि तो खाली, झाकणापाशी उतरला होता. त्यात, अगदी झाकणावर टेकून, बोटाच्या पेराएवढ्या लांब, स्वच्छ सुया होत्या. पाच-सहा. त्या सकाळी मला हव्या होत्या तशाच.

ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "आता तरी वितळबिंदू घे."